सुप्याची मजलस

मोरगावला जाणारे पुणेकर पुष्कळ. सुप्याला जाणारे थोडे. मयूरेश्वराचे दर्शन घ्यावे, प्रसादाचे पेढे घ्यावेत आणि जेजुरीच्या वाटेने परत फिरावे, असा मंडळींचा ठरलेला क्रम. मोरगावहून चौफुल्याकडे जो रस्ता फुटतो, त्यावर थोड्याच अंतरावर सुपे आहे, हे अष्टविनायक करणाऱ्यांना मोटारीच्या काचेतून तेवढे दिसते. एक वेस, बाजाराची गर्दी, दोन-चार चिंचेची झाडे. आणि गाडी पुढे निघून जाते.

आमच्या घरात प्रवासाला नेहमी दोन कारणे लागतात. एक सौभाग्यवतींचे आणि एक माझे. यंदा त्यांचे कारण मोरगाव होते आणि माझे सुपे. मोडी कागदांच्या छापील नकला वाचण्याची मला जुनी खोड आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची जन्मगावे पाहण्याचा नाद असतोच. 'परगणे सुपे' ही दोन अक्षरे त्या कागदांत इतक्या वेळा भेटली होती, की एकदा त्या गावाला प्रत्यक्ष भेटून यावे असे फार दिवस मनात होते. बुधवार मी मुद्दाम निवडला. का, ते पुढे कळेल.

दिवेघाट चढून वर आले की हवा बदलते, हे पुण्याच्या माणसाला सांगायला नको. सासवड मागे पडते, जेजुरीचा गड पिवळा होऊन समोर उभा राहतो, आणि मग कऱ्हेच्या काठाने मुलूख हळूहळू कोरडा होत जातो. इथे पाऊस पाहुण्यासारखा येतो; आला तर पायांवर पाणी घालावे, नाही आला तर रुसू नये. बाजरीची काढणी उरकलेली, शाळूच्या पेरणीची घाई आणि मधूनमधून नुसतेच माळ. याच माळावर १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे ते रान चिंकारा हरणांसाठी राखलेले आहे. पाण्यावाचून दिवस काढण्याची कला या हरणांना साधली आहे. इथल्या शेतकऱ्यालाही ती शिकावीच लागली. अलीकडे जनाई-शिरसाई उपसा योजनेचे पाणी काही शिवारांत खेळू लागले आहे. तरी 'पाणी' हा शब्द इथली माणसे अजून जरा जपूनच उच्चारतात.

सुपे म्हटले की मला आधी धान्य पाखडायचे सूप आठवते. आणि सूप आठवले की ती म्हण: जात्यातले रडतात, सुपातले हसतात. या गावाच्या वाट्याला दोन्ही आले आहे. बाजारात हिंडताना मात्र ते कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. कांदे, मिरच्या, गावठी लसूण, बैलांच्या घुंगरमाळा, मुलांचे तयार कपडे असा सगळा मांड मांडलेला होता. इथल्या उपबाजारात चिंचेचे लिलाव होतात. हंगामात चिंचेच्या आंबटगोड वासाने तोंडाला पाणी सुटते म्हणे. गावात शहा मन्सूर यांचा दर्गा आहे आणि त्याच्या आवारात सगळ्या जातिधर्मांच्या बायाबापड्या सारख्याच सहजतेने टेकलेल्या दिसतात.

हे गाव कधीकाळी लहान नव्हते. मालोजीराजांना निजामशाहीकडून मिळालेल्या जहागिरीत पुणे आणि सुपे यांची जोडी होती. शहाजीराजांच्या वेळीही ती टिकली. राम-लक्ष्मण म्हणावे तसे 'पुणे-सुपे' म्हणत. इथे संभाजी मोहिते कारभार पाहत. ते तुकाबाईंचे बंधू, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र मामा. शिमग्याचा पोस्त मागण्याच्या निमित्ताने महाराज मामांकडे आले आणि मामांसकट सुपे घेऊन गेले, ही हकिगत सभासदाने दिली आहे. भाच्याला पोस्त देणे इतके महाग क्वचितच कुणाला पडले असेल! पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन आले. त्या स्वराज्याच्या यादीत पुण्यापाठोपाठ सुपे आहे, बारामतीसह. आज सुपे बारामती तालुक्यात मोडते. तेव्हा बारामती सुप्यात मोडत होती. गावांचे दिवसही फिरतात.

सनदा दिल्लीच्या होत्या, साताऱ्याला शाहूमहाराज होते. पण सुप्याच्या एखाद्या पाटलाच्या घरचा तंटा कोण तोडीत असे? दोन भावांत पाटीलकीचा मान कुणाचा, दोन गावांत शीव कुठली, हे ना दिल्ली ठरवीत होती ना दर वेळी सातारा. ते ठरवी मजलस. परगण्याचे वतनदार एकत्र बसून निवाडा करीत, त्या सभेला गोतसभा, मजलस अशी नावे होती. निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत.

नेमक्या त्याच १७१९ साली समुद्रापार लंडनमध्ये आणखी एक वतनदारांची मजलस मोठ्या पेचात सापडली होती. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची एकी १७०७ साली झाली. म्हणजे औरंगजेब वारला आणि शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटले, त्याच वर्षी. तेव्हापासून तिथल्या वरिष्ठ सभेत, उमरावांच्या सभेत, स्कॉटलंडचे सोळा निवडलेले उमराव येऊन बसू लागले. सगळे मिळून दोनशेच्या आसपास सभासद. सव्वीस बिशप वगळले, तर बाकी बहुतेक जन्माने आलेले. बापाची जागा थोरल्या मुलाला. आपल्या भाषेत सांगायचे तर वतन!

त्या सभेचा एक दिवस कसा जाई, ते पाहण्यासारखे आहे. स्पॅनिश आरमाराच्या पराभवाची चित्रे विणलेल्या भल्यामोठ्या पडद्यांनी दिवाणखाना सजलेला. आधी बिशप प्रार्थना म्हणणार. लॉर्ड चॅन्सेलर लोकर भरलेल्या तांबड्या बैठकीवर बसणार. देशाची संपत्ती लोकरीत आहे, याची ती आठवण. मग कामकाज. आपल्याला वाटते, तिथे रोज साम्राज्याच्या गोष्टी चालत असतील. तशा त्या कधीकधी चालतही. पण पुष्कळदा दिवसाचे काम म्हणजे अमक्या उमरावाला वडिलोपार्जित जमीन विकून कर्ज फेडायचे आहे, त्यासाठी खास विधेयक. तमक्या परदेशी व्यापाऱ्याला इंग्लंडचा रहिवासी करून घ्यायचे आहे, त्याचे विधेयक. आणि खालच्या न्यायालयाच्या निकालावर कुणाचे तरी अपील. कारण ही सभा कायदे करी आणि राज्यातले शेवटचे न्यायालयही तीच होती. मत द्यायचे ते 'राजी' किंवा 'नाराज' एवढ्याच अर्थाच्या शब्दांनी. गैरहजर उमराव आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवू शके. आणि एक फार चांगली चाल होती. निर्णय पटला नाही, तर उमरावाला सभेच्या रोजनिशीत आपला निषेध कारणांसह नोंदवून खाली सही करता येई. हरलेल्या बाजूचे म्हणणेही दप्तरात राहावे, ही समज मला त्या सगळ्या थाटामाटापेक्षा मोठी वाटते.

मजलस म्हटली की मानापमान आलेच. १७१२ च्या वर्षारंभी तहाच्या प्रश्नावर बहुमत हवे म्हणून ॲन राणीने एका दमात बारा नवे उमराव करून सभेत आणून बसवले. तेव्हा एका खवचट जुन्या उमरावाने त्यांना विचारले, की आपण एकेकटे मत देणार, की बारा पंचांसारखे म्होरक्यामार्फत? बारा म्हटले की आपल्याला बलुतेदार आठवतात. त्यांना खटल्यातले पंच आठवले. ही धास्ती मनात राहिली आणि १७१९ साली जुन्या उमरावांनी दारच लावून घेण्याचा बेत केला. राजाने फार तर आणखी सहा नवे उमराव करावेत, पुढे एखादे घराणे बुडाले तरच नवे, असे ते विधेयक होते. वरिष्ठ सभेने ते मंजूर केले. खालच्या सभेत वॉलपोलने ते हाणून पाडले: विरुद्ध २६९, बाजूने १७७.

आता सुप्यासारख्या परगण्याच्या कसब्यात या. पडदे नाहीत, लोकरीची बैठक नाही. एखाद्या देवळाचा मंडप, नाहीतर चावडी. सरकारी अंमलदार, देशमुख, देशपांडे, गावोगावचे मोकदम पाटील, पेठेचे शेटे-महाजन आणि मागे बलुतेदार. फिर्याद घेऊन आलेला तो अग्रवादी, त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघांनी आधी एक कागद लिहून द्यायचा, की 'मजलस जे सांगेल त्याला मी राजी आहे.' या कागदाचे नाव राजीनामा! आज राजीनामा देऊन माणूस खुर्ची सोडतो. तेव्हा राजीनामा देऊन तो तंट्यात उभा राहत असे. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मला मात्र त्या शब्दाचा मूळ अर्थ हरवल्याची चुटपुट लागते. निकाल लागण्याआधीच, तो विरुद्ध गेला तरी मानीन, असे लिहून देणे सोपे नाही.

मग दोघांचे जामीन. मग तकरीर, म्हणजे लेखी म्हणणे.  मग करीना, म्हणजे प्रकरणाची साद्यंत हकिगत. वतन मूळ कुणी मिळवले, कुणाच्या हातून कुणाकडे गेले, दुष्काळात कोण परागंदा झाला, कोण मागे राहिला. इथे घाई नसे. त्यानंतर साक्षी. बेलभंडार उचलून, बेचाळीस पूर्वजांना स्मरून खरे बोलायचे. जेजुरीच्या छायेतल्या या मुलखात भंडार उचलून खोटे बोलायला छाती लागत असणार. शिवेच्या भांडणात महाराची साक्ष मोलाची मानीत. कारण गावाच्या सीमा पायांखालून गेलेल्या त्याच्याच. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात बांधून, मोहोर करून ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी फोड आला का ते पाहायचे. तो भाग वाचताना अंगावर काटा येतो, आणि ते दिवस गेले याचे बरेच वाटते.

निवाडा झाला की महजर. माथ्यावर 'हजीर मजालसी' म्हणून बसलेल्यांची नावे आणि खाली निशाण्या. या कागदांतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. पाटलाला लिहिता येवो न येवो, त्याने नांगर काढायचा. शेट्याने तराजू. न्हाव्याने आरसा. सुताराने आपले हत्यार, चांभाराने आपली आरी. ज्याच्या हाताला जे काम, तीच त्याची सही. लिहिता न येणाऱ्या माणसाला नुसता अंगठा उठवायला लावण्याची रीत पुढची. अंगठे सगळे सारखे दिसतात. नांगर आणि आरसा एकसारखे दिसत नाहीत. ती रेघ ओढणारा माणूस सांगत असे, की मी इथे होतो, मी ऐकले आहे, आणि उद्या गावात या माणसांच्या शेजारीच मला राहायचे आहे. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यायचे. दोघांनी त्याच ओढ्यावर बैल पाजायचे.

मी हे रंगात येऊन सांगत असताना सौभाग्यवतींनी विचारले, "आणि त्या तुमच्या मजलशीत बायका कुठे बसत?"

प्रश्न बिनतोड होता. वतनदाराच्या विधवेची फिर्याद पुढे येई, तिचा हक्क कधी मान्यही होई. पण निवाडा करायला ती बसत नसे. लंडनच्या सभेतही नसे. आणि मजलशीतही बसण्याचा क्रम जन्मानेच ठरलेला. देशमुख पुढे, महार सर्वांच्या मागे. साक्ष मोलाची, पण जागा दाराशी. दोन्ही सभांत गादी बापाकडून मुलाकडे जाई, मग मुलगा शहाणा असो की नसो. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांनी मजलशीच्या दाराशी उभे राहून एकदा आत पाहावे.

तरीही ती मजलस गेली तेव्हा काय गेले, ते सुप्यानेच जगाला दाखवले. १८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनला पंचायतीचे मोल कळत होते. तसे त्याने आपल्या अहवालात लिहिलेही. पण १८२७ पासून नवे नियम, नवी न्यायालये आली आणि हळूहळू चावडीवरचा तंटा कचेरीत गेला. कचेरीत करीना कोण ऐकणार? तिथे कागद बोले. खत कुणाचे, खाली अंगठा कुणाचा, एवढेच पाहायचे. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. खताची मुदत तीन वर्षे. हेतू ऋणकोला वाचवण्याचा. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहिले जाऊ लागले. त्यातच अमेरिकेच्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला, १८६५ नंतर कोसळला. १८६७ पासून साऱ्याची नवी आकारणी येऊ लागली. कित्येक ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्के वाढला. सावकारालाही वरून पैसा मिळेनासा झाला आणि तो हात आखडू लागला. सुपातले सगळे जात्यात आले.

शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा बजावला. गावाने काय केले? न्हाव्याने सावकाराची हजामत बंद केली, पाणक्याने पाणी बंद केले. म्हणजे महजरावर आरसा काढणारा हात अजून जिवंत होता! मजलस मोडली होती, पण मजलशीची वाळीत टाकण्याची शिक्षा लोकांच्या ध्यानात होती.

आणि मग १२ मे १८७५. बुधवार, बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आसपासच्या खेड्यांतले कुणबी बाजाराला जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या वह्या आणि खते. ती मिळाली तिथे भर रस्त्यात जाळली. काही ठिकाणी धान्य लुटले, घरेही पेटवली. पण माणसांच्या जिवावर सहसा कुणी उठले नाही. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. एकंदर ९५१ माणसांना पकडले गेले. चहाच्या हॉटेलात शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी त्या दिवसाबद्दल विचारले. तो म्हणाला, "ऐकून हाय जी. कागद जाळलं म्हनत्यात. मानूस न्हाई जाळला." मग बशीतला चहा संपवून म्हणाला, "कागदावर आमचं नाव व्हतं, पर आमचं म्हननं कुठं व्हतं?"

मोठमोठ्या ग्रंथांनी दख्खनच्या दंग्यांची कारणे दिली आहेत. त्यांचे सार मला या एका वाक्यात मिळाले. महजर आणि खत दोन्ही कागदच. महजर बाजू ऐकून, शेजाऱ्यांसमक्ष लिहिला जाई. खतावर एक अंगठा आणि एक आकडा; अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नसे.

पुढची गंमत अशी, की या दंग्यांची चौकशी करणाऱ्या मंडळाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. ज्या संसदेत एके काळी उमरावांच्या कर्जफेडीची खास विधेयके लागत, तिथे सुप्याच्या बाजारातल्या कुणब्याच्या कर्जाची हकिगत जाऊन पोचली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात काय होते? न्यायाधीशाने नुसत्या खतावर जाऊ नये. देण्याघेण्याची हकिगत मुळापासून तपासावी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे. तंटा आधी सलोखा घडवणाऱ्यांपुढे न्यावा. वाचता वाचता मी थांबलो. हा तर करीना! या तर शेजाऱ्यांच्या निशाण्या! चावडीवरून काढून टाकलेली वस्तू पन्नास वर्षांनी कचेरीच्या दाराने, कायद्याची कलमे होऊन परत आली होती. मधल्या पिढीने मात्र त्याची किंमत जमिनींनी मोजली.

आता वतने उरली नाहीत. आपल्याकडे परगणे आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महार वतने १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. लंडनच्या सभेतून बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना बाहेर पडायला १९९९ साल उजाडले. याबाबतीत तरी आम्ही सुपेकर पुढे, असे म्हणायला हरकत नाही. सौभाग्यवतींच्या प्रश्नालाही उत्तर मिळाले आहे. २०११ पासून महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामसभेत गावच्या प्रत्येक मतदाराला बसता येते. त्यासाठी बापाचे नाव सांगावे लागत नाही. जुन्या मजलशीला जे जमले नाही ते या सभेला जमले आहे. दार उघडे आहे.

जुनी मजलस मात्र एक गोष्ट जाणत होती. करीना ऐकल्याशिवाय निशाणी करायची नाही. ग्रामसभेच्या वहीवर आपण सही करतो, बँकेच्या अर्जावर करतो, हल्ली तर फोनच्या काचेवर नुसते बोट टेकवून 'मान्य आहे' म्हणतो. खाली काय लिहिले आहे ते वाचतो किती जण? वाचक मंडळींनी मोरगावला गेल्यावर बुधवार असेल तर थोडे पुढे सुप्यापर्यंत जरूर जावे. बाजार छान असतो. आणि तिथे उभे राहून मनाशी एकदा ठरवावे, की महजरावर आपल्याला निशाणी करायची वेळ आली, तर आपण कोणते चित्र काढू, आणि त्याआधी किती ऐकून घेऊ.